प्युरिटनांच्या खात्यावर

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गासाठी मी ‘गाथासप्तशती’तील काही पानांच्या झेरॉक्स प्रती काढल्या. त्यांतील तीन गाथांवर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवली होती. क्रमांक झाकायचे मात्र राहून गेले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, मधल्या तीन गाथा कुठं गेल्या?” मी म्हणाले, की आपल्या शिक्षणावर व्हिक्टोरियन नीतीचा आणि तिच्यामागच्या प्युरिटन संस्कारांचा पगडा आहे, हा त्याचाच अवशेष. वर्गाने ते उत्तर वहीत उतरवून घेतले.

स्टाफरूममध्ये हे सांगितले तेव्हा इंग्रजी विभागातील एक ज्येष्ठ सहकारी हसले. “बाई, प्युरिटनांनी पुष्कळ पापे केली, पण हे त्यांच्या खात्यावर टाकू नका.” त्यानंतर जे वाचत गेले त्याने माझी पंचाईतच झाली.

नाटकाचा त्यांना तिटकारा होता, यात शंका नाही. विल्यम प्रिन याने १६३३ मध्ये ‘हिस्ट्रिओमॅस्टिक्स’ हा हजारावर पानांचा ग्रंथ केवळ नाट्यकलेच्या निषेधार्थ लिहिला. रंगमंचावर येणाऱ्या स्त्रियांना त्याने वेश्या ठरवले. राणी हेन्रिएटा मरिया स्वतः दरबारी नाटकांत भाग घेत असल्याने तो तिचा अपमान मानला गेला आणि १६३४ मध्ये प्रिनचे कान कापण्यात आले. पुढे सत्ता फिरली. २ सप्टेंबर १६४२ रोजी पार्लमेंटने नाटके बंद केली, ती अधिकृतपणे १६६० पर्यंत बंदच राहिली. १६५० मध्ये व्यभिचाराला देहदंड सांगणारा कायदाही आला.

परंतु विवाहातील शरीरसुखाविषयी हीच मंडळी संकोच बाळगत नव्हती. दोन वर्षे पत्नीशी संबंध न ठेवणाऱ्या एका सदस्याला बोस्टनच्या चर्चने बहिष्कृत केले होते! न्यू इंग्लंडची कवयित्री अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट ही आठ मुलांची आई. कामानिमित्त परगावी असलेल्या पतीला ती सूर्य म्हणते आणि मुलांना त्याच्या उष्णतेची फळे. ती कविता वाचताना मला आपल्या गाथांमधल्या प्रोषितभर्तृकाच आठवल्या. मिल्टनने तर ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या चौथ्या सर्गात आदम-ईव्हची शय्या पतनाच्या आधीच मांडली आणि तिला अपवित्र समजणाऱ्यांना ढोंगी म्हटले.

कात्री आली ती पुष्कळ नंतर, आणि साहित्यावर प्रेम करणाऱ्या घरातून. १८०७ मध्ये बाथ येथे ‘फॅमिली शेक्सपिअर’ निघाले : चार खंड, वीस नाटके, संपादकाचे नाव नाही. काम हेन्रिएटा मरिया बाउडलर हिचे होते. (प्रिनचे कान ज्या राणीपायी गेले तिचेच नाव, योगायोग म्हणायचा.) १८१८ च्या वाढीव आवृत्तीवर नाव आले ते तिच्या भावाचे, टॉमस बाउडलर यांचे. अविवाहित बाईने आपले नाव छापणे म्हणजे वगळलेल्या ओळी आपल्याला कळल्या होत्या, अशी कबुलीच की! ‘हेन्री चौथा’च्या दुसऱ्या भागातून डॉल टेअरशीट हे पात्र पार नाहीसे झाले. ‘ऑथेल्लो’ मात्र कितीही कापले तरी स्वच्छ होईना. शेवटी ते दिवाणखान्यातून खासगी अभ्यासिकेत हलवावे, असा सल्ला देऊन बाउडलर मोकळे झाले.

प्रिनला नाटकच नको होते, कारण नाटक माणसाला बिघडवू शकते एवढे बळ तो त्यात मानत होता. बाउडलर भावंडांना शेक्सपिअर हवा होता, कुटुंबात मोठ्याने वाचायला हवा होता. माझे नाते या दुसऱ्या घराण्याशी आहे, हे कबूल करणे मला जड गेले. गाथा मला प्राणप्रिय आहेत. त्या तीन गाथा मुलांना कळतील याची मला भीती नव्हती. त्या मला कळतात, हे मुलांना दिसेल याची होती.

पुढच्या वर्षी पट्टीविना प्रती काढल्या. त्या गाथांपाशी आल्यावर मात्र, “कोणीतरी वाचा,” म्हणाले. कोणीच पुढे येईना. मग मीच वाचल्या, जरा भरभर.