मानपत्र

जेवताना बोलायचं नाही, असा माझ्या सासूबाईंचा दंडक. बेळगावात निम्मं आयुष्य मी तो पाळला. मुलाकडे अमेरिकेत, सनीव्हेलला गेले आणि तो मोडला. मोडला तोही अशा माणसावरून, ज्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

२५ जानेवारी २०२२. तिथे हिवाळ्यात सव्वापाचच्या पुढेमागे सूर्य मावळतो, म्हणून माझ्यासाठी सगळेच साडेचारला पानावर बसायचे. नातू शाळेतून आला तो तोंड पाडूनच.

"गेलं आज्जी. दहावं वर्ष होतं, शेवटचं."

"कोण गेलं रे?" माझा घास हातातच राहिला.

"कुणी नाही गं. बॅरी बाँड्स हरला."

मग मला सगळं समजावून सांगण्यात आलं. न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं छोटं गाव आहे. तिथे बेसबॉलचा ‘हॉल ऑफ फेम’ आहे, थोर खेळाडूंच्या ब्राँझच्या पाट्या भिंतीवर लावलेलं संग्रहालय. कुणाची पाटी लावायची हे अनुभवी क्रीडा पत्रकार मतं देऊन ठरवतात. शंभरात पंचाहत्तर मतं हवीत, आणि खेळाडूला संधी मिळते दहा वर्षं. बाँड्सला २०१३ साली ३६ टक्के मतं होती, ती चढत चढत या वर्षी ६६ टक्क्यांवर आली आणि तिथेच संपली.

"मग बरोबर आहे की! पंचाहत्तर हवीत, मिळाली नाहीत."

"आज्जी, ७६२ होम रन! होम रन म्हणजे आपला षटकार समज. त्याच्याइतके कुणाचेच नाहीत. २००१ मध्ये एका हंगामात ७३, तोही विक्रम. सात वेळा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. चेंडू टाकणारे इतके घाबरायचे, की २००४ मध्ये १२० वेळा त्याला मुद्दाम फुकट पुढे जाऊ दिलं. मारायला चेंडूच द्यायचा नाही!"

मुलगा इतका वेळ गप्प होता. "आणि औषधं कोण सांगणार?" तो म्हणाला.

गंमत बघा. नातू २००९ चा, बाँड्स शेवटचा खेळला २००७ मध्ये. त्याला खेळताना न पाहिलेला पोरगा त्याच्या बाजूचा, आणि प्रत्यक्ष पाहिलेला बाप विरुद्ध. मुलगा २००० साली नोकरीला इथे आला, त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत खाडीच्या काठावर नवं मैदान सुरू झालं. ओळखीचं कुणी नाही, रविवार खायला उठायचा. मग हा सर्वांत स्वस्त तिकीट काढून जाऊन बसायचा. बाँड्सचा फटका भिंतीवरून थेट पाण्यात जायचा, आणि तो उचलायला लोक होड्या घेऊन थांबलेले असायचे. "घसा बसेपर्यंत ओरडलोय मी," तो म्हणाला. "इथं मला पहिल्यांदा आपलं वाटलं ते त्या गर्दीत. आणि तेच खोटं निघालं."

ते कसं निघालं? २००३ मध्ये खेळाडूंना ताकदीची बंदी असलेली औषधं पुरवणाऱ्या एका प्रयोगशाळेची चौकशी लागली. बाँड्सने शपथेवर सांगितलं, मी जाणूनबुजून काही घेतलं नाही; मला दिलं ते जवसाचं तेल आणि सांधेदुखीचा मलम आहे असं मी समजत होतो. जवसाचं तेल म्हटल्यावर मला हसूच आलं. आमच्या घरात तीन पिढ्या जवसाची चटणी खातायत, कुणाच्या दंडात असं बळ आलं नाही!

नातवाची बाजूही पोकळ नव्हती. औषधांवर कागदोपत्री बंदी होती, पण २००३ पर्यंत तपासणीच नव्हती. कोर्टाने २०११ मध्ये न्यायात अडथळा आणल्याबद्दल बाँड्सला दोषी धरलं, ते २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने रद्द केलं. आणि ज्या कमिशनरच्या डोळ्यांदेखत हे सगळं चाललं, त्या बड सेलिगची पाटी हॉलमध्ये लागलीसुद्धा. शिवाय बाँड्सने जुना विक्रम मोडला तो ७५६वा चेंडू एका कपड्यांच्या व्यावसायिकाने विकत घेतला, त्यावर काय करावं हे लोकांच्या मतांवर ठरवलं, आणि संशयाची चांदणी कोरून तो संग्रहालयालाच देऊन टाकला.

"म्हणजे चेंडू आत आणि माणूस बाहेर," नातू म्हणाला.

तेव्हा मी त्याला आपल्या शास्त्रातलं सांगितलं. पाप तीन तऱ्हेचं: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावलेलं. तिसरं हलकं समजू नये.

नातू टाळी वाजवून म्हणाला, "मग झालं तर! सगळ्यांनीच मान डोलावली. मालकांनी, पत्रकारांनी, पप्पांनीपण. एकट्यालाच शिक्षा का?"

"मला माहीत नव्हतं रे," मुलगा म्हणाला.

"पण आता माहीत आहे," मी म्हणाले. "माहीत असून मान दिला, तर ती पुन्हा अनुमोदनाच." आणि हे बोलता बोलता माझीच जीभ जड झाली.

अठ्ठावीस वर्षं मी एका शाळेत शिकवलं. आमच्या मोठ्या बाई म्हणजे तालुक्यात नाव. खेड्यातल्या मुलींच्या फिया स्वतः भरायच्या, लग्न ठरवून शाळेतून काढलेल्या मुली बापाशी भांडून परत आणायच्या. ते सगळं खरं. आणि दहावीच्या परीक्षेत मागच्या खोलीत फळ्यावर उत्तरं लिहिली जायची, हेही खरं. मी एकदा डोळ्यांनी पाहिलं, दार ओढून घेतलं आणि आले. बाई निवृत्त झाल्या तेव्हा मानपत्र मी लिहिलं, माझं मराठी चांगलं म्हणून. त्यात ‘सचोटी’ हा शब्द दोनदा आहे. चौकट करून ते अजून तिथल्या भिंतीवर आहे.

हे मी त्या दिवशी पानावर बसून पहिल्यांदा बोलले. मुलगा त्याच शाळेचा. तो खाली बघून म्हणाला, "आई, मला माहीत होतं. आम्हा सगळ्या पोरांना माहीत होतं. तू मानपत्र वाचलंस तेव्हा मी मागे बसून टाळ्या वाजवल्या."

तीस वर्षं एका घरात आम्ही दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं होतं.

नातवाला आमचं काही नीटसं कळलं नाही. "पण आज्जी, तुला मत असतं तर? हो की नाही?"

"लावली असती पाटी," मी म्हणाले. "माणूस खोटा नव्हता, अर्धा सांगितलेला होता. फक्त तिच्यावरचा मजकूर मी लिहिला असता. ७६२ लिहिले असते. जवसाचं तेल लिहिलं असतं. कुणी बघून दार ओढून घेतलं, तेही लिहिलं असतं."

"एवढं पाटीवर मावणार नाही आई," मुलगा म्हणाला.

"मग मोठी करा पाटी."

खिडकीबाहेर ऊन सरत आलं होतं. सून म्हणाली, "आई, दोन घास राहिलेत, आटपा बघू." पान टाकायचं नाही म्हणून मी खाली मान घालून जेवले. त्यानंतर मात्र कुणी बोललं नाही.