माझी बातमी चुकली होती, घोळ राउटरमध्ये होता

पोस्ट थोडी लांब आहे. पण आपल्या गावात ज्यांच्या घरी वायफाय आहे त्या सगळ्यांशी संबंध आहे, म्हणून वाचा.

गेल्या पावसाळ्यात मी एक बातमी केली होती. 'संध्याकाळी सातनंतर नेट गायब, ग्राहकांची लूट'. मथळा माझाच. राग होता, कारण पुतणीचा प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म शेवटच्या रात्री अडकला. चाक फिरत राहिलं, बारा वाजले, फॉर्म गेलाच नाही. पुढच्या फेरीत प्रवेश मिळाला, पण हवं ते कॉलेज हातचं गेलं. मी लिहून मोकळा झालो की, नेट देणारे थोडी लाइन घेतात आणि जास्त लोकांना विकतात.

बातमी गाजली. त्या मालकांनी (नाव लिहीत नाही) घाबरून पुण्याहून येणारी लाइन दुप्पट केली, दोन जीबीपीएसची चार. महिन्याचा खर्च वाढला आणि संध्याकाळचं रडगाणं जिथल्या तिथे.

मध्यंतरी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. "दादा, बातमी केलीत ना, आता हेही बघा." वेळ रात्री साडेआठची. स्क्रीनवर लाइन अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. राउटरच्या प्रोसेसरवर लोड 35 टक्के. मी म्हटलं, मग अडलंय कुठं? नेटवर्क बघणाऱ्या पोरानं एकेक कोर उघडून दाखवला. एक कोर 100 टक्क्यांवर, बाकीचे जवळपास निवांत. प्रत्येकाच्या प्लॅनप्रमाणे वेग वाटायचं काम त्या एकट्यावर येऊन पडलेलं.

मला आपला पाऊस आठवला. एका मंडळात धो धो, दुसऱ्यात ठणठणाट, आणि कागदावर तालुक्याची सरासरी उत्तम. त्या सरासरीवर मी पीकविम्याच्या किती बातम्या केल्यात. इथं मात्र आकडा न बघताच निकाल दिला होता.

तो डबा नुसतं नेट पुढे ढकलत नाही. ग्राहकाचं लॉगिन तपासतो, वेग मोजतो आणि एकाच सार्वजनिक पत्त्यावर अनेक घरं चालवतो. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळून सुमारे 429 कोटी, आणि आशिया-पॅसिफिकचा साठा एप्रिल 2011 मध्येच तळाला गेला. म्हणून ही वाटणी. कोणता पत्ता कधी कोणाकडे होता याची नोंद दोन वर्षं ठेवायची, हा सरकारी नियम. ते कामही त्यातच.

आता नवीन राउटर घ्यायचा ठरलं. मी दोन-तीन बैठकांना मुद्दाम बसलो.

विक्रेत्याच्या कागदावर '10 जीबीपीएस' ठळक होतं. पोरानं विचारलं, मोठ्या पॅकेटवर का छोट्या? फरक असा की 10 जीबीची लाइन सगळ्यात छोट्या पॅकेटनी भरली तर सेकंदाला जवळपास 1 कोटी 48 लाख पॅकेट होतात. गेम आणि कॉलची पॅकेट छोटीच असतात. आणि डब्याला दमवते ती पॅकेटची संख्या.

दुसरा पर्याय, मोठ्या कंपनीचा सेकंडहँड राउटर. भाव बघून मालक खूश. पण वीज भरपूर खातो, आणि आपल्याकडे लाइट गेली की सगळं बॅटरीवर. शिवाय 15 जून 2021 पासून नेटवर्कमध्ये नवीन जोडायचं उपकरण सरकारमान्य 'विश्वासू स्रोता'चंच लागतं. आणखी एक अडचण. जेसीबीनं फायबर तोडलं तर नेट चालू राहावं म्हणून उद्या दुसऱ्या कंपनीची लाइन घ्यायची आहे. तेव्हा जगभरचे मार्ग लक्षात ठेवायची वेळ येऊ शकते. ते आता 10 लाखांच्या आसपास गेलेत, आणि अशा जुन्या डब्यांत पाच लाखांच्या वर जागाच नाही. ऑगस्ट 2014 मध्ये तो आकडा ओलांडला तेव्हा जगात ठिकठिकाणी जुने राउटर अडखळले होते.

तिसरा पर्याय, साधा सर्व्हर आणि त्यावर सॉफ्टवेअर. पोरगा तयार होता. मालक म्हणाले, "अरे, उद्या तुला पुण्यात नोकरी लागली तर रात्री दोनला फोन कुणाला करू?" कागदावर नसलेला पण सगळ्यात खरा प्रश्न.

शेवटी एका मोठ्याऐवजी दोन मध्यम, नवे राउटर ठरले. निम्मे ग्राहक एकावर, निम्मे दुसऱ्यावर, पण वेळ पडली तर एकट्यानं सगळं पेलेल असे. एक बंद पडला की ग्राहक दुसऱ्यावर लॉगिन होतील. घ्यायच्या आधी एक डबा मागवून, आपलेच सगळे नियम टाकून, संध्याकाळच्या गर्दीत दोन दिवस चालवून बघितला. कुठलाही कोर 60 टक्क्यांच्या वर गेला नाही.

येत्या रविवारी पहाटे 2 ते 5 बदल होणार आहे, तेवढा वेळ नेट बंद राहील.

मालकांना मी क्लीन चिट देत नाही. हा स्क्रीन त्यांच्याच ऑफिसात होता, लाइन वाढवायच्या आधी बघायला हवा होता. तक्रारीचा फोनही उचलत जा, हे त्यांना तोंडावर सांगितलंय. पण कारण न तपासता मी मथळा दिला आणि त्यांचा पैसा चुकीच्या जागी गेला, ही चूक माझी. पुतणीला हे सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "काका, मग आधी का नाही गेलात बघायला?"

तुमच्याकडे दुसऱ्या कुणाचं कनेक्शन असेल तर 'किती एमबीपीएस' एवढंच विचारू नका. राउटर बंद पडला तर दुसरा तयार आहे का, तेही विचारा. आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.