शेवटची काच

खिशातून लहानसे यंत्र काढावे आणि क्षणार्धात दहा-वीस छायाचित्रे टिपावीत, इतके छायाचित्रण आज सोपे झाले आहे. तरीही ही कला मनापासून शिकू इच्छिणारे काही विद्यार्थी आपण होऊन अवघड वाटेला लागतात. तिवईवर ते एक भलामोठा कॅमेरा उभा करतात. पुढे भिंग, मागे दुधी काच आणि दोहोंना जोडणारा, बाजाच्या पेटीला असतो तसा घड्याघड्यांचा भाता. एवढाच त्या कॅमेऱ्याचा संसार.

डोक्यावरून काळे कापड ओढून घेतले, की दुधी काचेवर समोरचे दृश्य हळूहळू दिसू लागते. पण ते कसे? झाडांचे शेंडे खाली आणि बुंधे वर, आकाश पायाशी, उजवीकडचा माणूस डावीकडे! वरून येणारा किरण भिंगातून जाऊन काचेच्या खालच्या भागावर पडतो आणि खालून येणारा वरच्या भागावर. त्यामुळे सारे जग उलटे होते. नवशिका विद्यार्थी प्रारंभी अगदी भांबावून जातो. कॅमेरा कोणत्या बाजूला वळवावा, हेच त्याला उमगत नाही. पुढे मात्र या उलट्या जगाची त्याला गोडी लागते. उलटे दिसणारे घर नुसते घर राहत नाही. उजेड कोठे संपतो आणि सावली कोठे सुरू होते, हेच आधी डोळ्यांत भरते.

खरी कसोटी पुढेच असते. या कॅमेऱ्यात फिल्मचे गुंडाळे नसते. चार इंच रुंद आणि पाच इंच लांब असा फिल्मचा एकेक सुटा तुकडा चपट्या चौकटीत बसवावा लागतो, आणि तोही मिट्ट काळोखात. फिल्मच्या कडेला बारीक खाचा असतात. त्या बोटांनी चाचपून तिची बाजू ओळखायची. एका चौकटीत दोनच तुकडे मावतात. चौकट कॅमेऱ्यात सरकवण्यापूर्वी भिंगाची झडप मिटायची राहिली, तर झाकण ओढताच फिल्म वाया जाते. झाकण ओढायलाच विसरले, तर फिल्म कोरी ती कोरीच! पाच चौकटी घेऊन निघालेल्या विद्यार्थ्याजवळ दिवसभरासाठी अवघी दहा चित्रे असतात. साहजिकच तो पुन्हापुन्हा पाहतो, ढग सरकण्याची वाट पाहतो, आणि कित्येकदा एकही चित्र न घेता कॅमेरा उचलून पुढे चालू लागतो.

अशी मोजकी शिदोरी घेऊन डोंगर चढणाऱ्यांपैकी एक होता अमेरिकेतील अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. त्याचा जन्म १९०२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. १९१६ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, तो आईवडिलांबरोबर कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात गेला. तेथे त्याला एक साधा पेटी-कॅमेरा मिळाला. 'हाफ डोम', म्हणजे अर्धा घुमट, नावाच्या प्रचंड खडकाचे चित्र घ्यावे म्हणून स्वारी एका कुजलेल्या बुंध्यावर चढली. बुंधा कोसळला, मुलगा डोक्यावर आपटला आणि पडता पडता त्याच्या हातून कळ दाबली गेली. त्या गुंडाळ्यातील एवढे एकच चित्र उलटे कसे, असा प्रश्न फिल्म धुणाऱ्यास पडला!

पुढे अ‍ॅन्सेल पियानो शिकत होता आणि वादक होण्याची स्वप्ने पाहत होता. परंतु उन्हाळा आला, की त्याचे पाय योसेमिटीकडे वळत. १० एप्रिल १९२७ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो काही सोबत्यांसह पुन्हा त्याच अर्ध्या घुमटाकडे निघाला. पाठीवर सुमारे चाळीस पौंडांचे ओझे: मोठा कॅमेरा, भिंगे आणि काचेच्या बारा कोऱ्या पट्ट्या. त्या काळी पुष्कळ छायाचित्रकार फिल्मऐवजी अशा काचाच वापरीत. काच निसटली, तर सारेच संपले. चढ उभा होता आणि ठिकठिकाणी बर्फ साचले होते.

हजारो फूट खोल दरीच्या कडेवर मंडळी दुपारच्या सुमारास पोचली. समोर खडकाची अजस्र भिंत उभी होती. पण ती अजून सावलीत होती. अ‍ॅन्सेल थांबला. ऊन हळूहळू भिंतीवर सरकेपर्यंत अडीच वाजत आले. बारांपैकी आता दोनच काचा उरल्या होत्या.

त्याने भिंगापुढे पिवळा फिल्टर लावला आणि एक चित्र घेतले. रिवाजाप्रमाणे ते अगदी योग्य होते. पण कळ दाबताच त्याच्या मनात आले, की चित्रात खडक दिसेल, आकाश दिसेल. मात्र त्या कड्यापुढे उभे राहताना जो दरारा वाटतो, तो काही त्यात येणार नाही. त्याने पिवळा फिल्टर काढून गडद लाल फिल्टर लावला. लाल काच आकाशाचा निळा प्रकाश अडवते. म्हणून कृष्णधवल चित्रात आकाश जवळजवळ काळे उमटते आणि सावल्याही गडद होतात. डोळ्यांना दिसणारे आकाश काही काळे नव्हते, हे खरे. पण मनातले चित्र तसेच होते, आणि ते उतरवायला आता एकच काच होती. लाल काचेमुळे भिंगात प्रकाश फार थोडा येणार, म्हणून झडप पाच सेकंद उघडी ठेवावी लागली. वाऱ्याने कॅमेरा हलला असता, तर दुसरी संधी नव्हती.

'मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम' या नावाने ते चित्र पुढे प्रसिद्ध झाले. दोन्ही काचांवरची चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर पहिले प्रवाशाने घरी दाखवायला आणावे तसे वाटते. दुसऱ्यापुढे पाहणारा क्षणभर गप्प होतो.

त्या दुपारी मात्र यातले कोणालाच काही ठाऊक नव्हते. काच धुऊन पाहीपर्यंत तिच्यावर काय उमटले, हे अ‍ॅन्सेललाही दिसणार नव्हते. त्याने कॅमेरा मिटला, काचा जपून बांधल्या आणि मंडळी बर्फातून खाली उतरू लागली. ओझे तेवढेच होते. काच कोरी असो की चित्र उमटलेली, तिचे वजन काही कमी होत नाही.