रिकामी झारी

बागेतील फुलांना पाणी घालणारे मूल हा विषय युरोपातील जुन्या चित्रकार्डांवर वारंवार आढळतो. आजीच्या प्रार्थनापुस्तकात असेच एक कार्ड होते. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात तिला ते बक्षीस मिळाले होते. पांढरा झगा, केसांत फीत, हातात पत्र्याची झारी आणि समोर गुलाबांचा ताटवा. छायाचित्र मुळातले काळे-पांढरे. त्यात गुलाबी आणि हिरवा रंग मागाहून भरलेला. पाठीमागे मजकूर आणि पत्ता वेगळे करणारी उभी रेघ आहे. अशी रेघ ब्रिटनने १९०२ साली मान्य केली आणि पुढील काही वर्षांत इतर देशांनीही ती स्वीकारली. तोवर चित्रकार्डाची मागची सारी बाजू पत्त्यासाठी राखलेली असे आणि निरोप चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहावा लागे.

कार्ड निरखून पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. झारी कललेली आहे. पण तिच्यातून पाणी पडत नाही. अशी कितीतरी छायाचित्रे बागेत नव्हे, तर छायाचित्रकाराच्या खोलीत काढली जात. मागे रंगवलेला पडदा, पुढे कापडी किंवा कागदी फुले. मुलाने स्थिर उभे राहायचे, एवढेच त्याचे काम. ज्या फुलांना तहान नाही, त्यांना रिकामी झारीही पुरते.

मलकापूरच्या मे महिन्यात हे चित्र पाहणे म्हणजे दुसऱ्याच ऋतूत डोकावणे होय. मे हा पवित्र मरियेचा महिना. ही भक्ती अठराव्या शतकात इटलीतील येशूसंघीय धर्मगुरूंनी रुजवली. पोप सहावे पॉल यांनी १९६५ साली या महिन्यातील प्रार्थनेसाठी खास परिपत्रक काढले. तिकडे मे म्हणजे बहराचा वसंत. मरियामातेला फुले वाहण्याची प्रथा त्या मातीतून सहज उगवली. वऱ्हाडात मे म्हणजे वैशाख. पारा ४४ अंशांकडे झुकतो, नळगंगेच्या पात्रात वाळू तळपते, आडाचे पाणी तळाला जाते. अशा दिवसांत फुले आणायची कोठून?

आजीच्या अंगणात याचे उत्तर होते. ते म्हणजे मोगरा. ऊन चढते तसा तो फुलतो; मात्र त्याच्या मुळाशी ओल राहिली पाहिजे. दोन हंड्यांवर दिवस काढणाऱ्या घरात फुलझाडाला पाणी घालणे हा साधा प्रश्न नव्हता. आजीने त्यासाठी नियमच घालून दिला होता. पिण्याच्या पाण्यातला थेंबही मोगऱ्याला द्यायचा नाही. दारी आलेल्या तहानलेल्याचा हक्क पहिला. मोगऱ्याला तांदळाचे धुवण, भाजी धुतलेले पाणी आणि अंघोळीनंतर मोरीतून वाहणारे पाणी. ते पाणी वाडग्याने उचलून नेण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. एके वर्षी उन्हाळा इतका कडक झाला की धुवणही गाईच्या घमेल्यात जाऊ लागले. त्या मे महिन्यात जपमाळेच्या वेळी मरियामातेच्या तसबिरीपुढे कडुनिंबाची एक डहाळी होती. “तिला समजतं, बाळा,” एवढेच आजी म्हणाली.

संत पौल करिंथकरांना लिहिताना लावणारा, पाणी घालणारा आणि वाढ देणारा यांच्यात भेद करतो. वाढ देणे परमेश्वराचे. पाणी घालणे मात्र माणसाचे. या वचनावरील प्रवचनांत बहुधा वाढीचेच कौतुक ऐकू येते. पाणी कोणाच्या वाट्यातून काढले, हे क्वचितच कोणी विचारते. आजीने ते विचारले होते. तिच्या भक्तीत फुलाला जागा होती. पण ती जागा तहानलेल्याच्या मागे होती. त्यामुळे फुलाची किंमत उणावली नाही, उलट वाढली. काटकसरीतून उरलेल्या पाण्यावर आलेली मोगऱ्याची पाच कळ्यांची ओंजळ आम्हाला फार मोलाची वाटे.

आज नळ आले, टँकर आले. तरी उन्हाळ्यात या भागातील कितीतरी आयाबहिणींच्या डोक्यावरचा हंडा उतरलेला नाही. आपल्या मंदिरांतील वेद्या मात्र मे महिन्यात दुकानातून आणलेल्या फुलांनी भरून जातात. ती सुंदर दिसतात. पण ती फुलवायला आपल्या हातून वाडगाभर पाणीही गेलेले नसते. अंगणात मोगऱ्याचे एक रोप लावावे, घरातल्या मुलाच्या हाती धुवणाचे भांडे द्यावे आणि त्याआधी दाराशी पाण्याचा माठ भरून ठेवावा. मरियामातेच्या महिन्याची तयारी एवढ्यावरही होऊ शकेल.