एकाच नांवाचे दोघे

आमच्या कुलवृत्तांतांत ‘विष्णु’ हें नांव सात ठिकाणीं आलें आहे. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल असल्यानें हें व्हावयाचेंच. परंतु बापाचें नांव जोडलें कीं कोणता विष्णु कोणता याविषयीं शंका राहत नाहीं. ही साधी गोष्ट संगणकापुढें बसतांना आम्ही विसरलों, आणि तिचें प्रायश्चित्त आमच्या पुतण्यास भोगावें लागलें.

हा कुलवृत्तांत संगणकावर वाचतां यावा म्हणून पुतण्यानें एक लहानसा प्रोग्राम रचला. त्याचे सर्व भाग क्रमानें जुळवून तयार प्रोग्राम हातीं देणारी आज्ञांची यादी, म्हणजे बिल्ड स्क्रिप्ट, तीही त्याचीच. तो लिनक्सवर काम करतो, आम्ही विंडोजवर. यादींत ‘कन्व्हर्ट’ अशी एक आज्ञा होती. तिनें जुन्या छायाचित्रांच्या लहान प्रती व्हावयाच्या. त्याच्याकडे त्या झाल्या. आमच्याकडे मात्र ‘इन्व्हॅलिड पॅरामीटर’ एवढें बोलून यंत्र थांबलें. आम्हीं घरच्या मंडळींदेखत ‘न तपासतांच काम पुढें ढकलतोस’ असें त्याला सुनावलें. तो उत्तर न देतां उठून गेला. रात्रीं पंक्तीसही आला नाहीं.

मंडळी निजल्यावर ‘व्हेअर’ ही आज्ञा देऊन आम्हीं यंत्रास विचारलें, ‘कन्व्हर्ट’ तुझ्याकडे कोठें आहे? उत्तर पाहून आम्ही खजील झालों. पुतण्याचा ‘कन्व्हर्ट’ हा इमेजमॅजिक या, १९९० सालीं लोकांपुढें आलेल्या, चित्रसंस्काराच्या साधनांतला. आमचा ‘कन्व्हर्ट’ विंडोजबरोबरच येणारा. डिस्कवरील फॅट पद्धतीची मांडणी एनटीएफएस पद्धतीची करणें हें त्याचें काम. चित्रांशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. यंत्र ‘पाथ’ या यादींतील फोल्डर ओळीनें धुंडाळतें व त्या नांवाचा जो पहिला भेटेल त्यालाच कामास लावतें. दारांतून हांक मारावी आणि जवळच्या विष्णूनें ओ द्यावी, तसेंच हें.

असे नामबंधु आणखीही आहेत. ‘फाइंड’ लिनक्सवर फायली शोधतो, विंडोजवर फायलींतील मजकूर. ‘टाइमआउट’ तिकडे दुसऱ्या आज्ञेस मुदत घालून देतो, इकडे नुसता थांबून राहतो. उपाय घरगुतीच आहेत : आज्ञेचा पूर्ण पत्ता द्यावा, तो यादीच्या माथ्यावर एकाच ठिकाणीं लिहावा, आणि काम सांगण्यापूर्वीं आवृत्ति विचारून ‘तूं कोणाचा?’ याची खात्री करावी. इमेजमॅजिकच्या कर्त्यांनींही २०१६ सालच्या सातव्या आवृत्तीपासून ‘मॅजिक’ ही निराळ्या नांवाची आज्ञा दिली आहे.

सकाळीं चहाच्या वेळीं, ज्यांच्यादेखत बोललों होतों त्यांच्याचदेखत, आम्हीं आपली चूक कबूल केली. पुतण्या हंसून म्हणाला, ‘काका, पूर्ण नांव मींच लिहावयास हवें होतें.’ वडीलपणाचा अधिकार वापरण्यापूर्वीं एक प्रश्न विचारण्याची संवय आम्हीं तेव्हांपासून लावून घेतली आहे.

दुपारपर्यंत छायाचित्रें तयार झालीं. पहिलें उघडलें तें एका विष्णूचें. खालीं बापाचें नांव होतें; कोणता, हें कोणी विचारलें नाहीं.