‘मिळाले नाही’चा रकाना

6 ऑगस्ट
महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तयारीची बैठक झाली. चौथ्या निकषातला ग्रंथालयाचा भाग माझ्याकडे. संगणकीकरण, पुस्तकांवरचा खर्च, रोजचा वापर. वापर म्हणजे दारातली हजेरी वही आणि इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट या ऑनलाइन वाचनसेवेचे लॉग-इन. आकडे तयार आहेत, देईन. पण पंख्याखाली दहा मिनिटे टेकलेला मुलगा आणि दिवसभर संदर्भ विभागात खपलेला मुलगा, दोघांची सही त्या वहीत सारखीच दिसते. हे मनातून जात नाही.

8 ऑगस्ट
एम.ए. इतिहासाची एक विद्यार्थिनी आली. कऱ्हाडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यावर आणि कृष्णा कालव्यावर तिला लघुप्रबंध लिहायचाय. “सर, नेटवर सगळीकडे तेच तेच आहे.” सातारा जिल्ह्याचे 1885चे गॅझेटियर काढून दिले. शेतीच्या प्रकरणात पाटबंधाऱ्यांचा मजकूर कुठे, तळटीप कशी वाचायची, संदर्भ कसा नोंदवायचा, हे शेजारी बसून दाखवले. संध्याकाळी कुलूप लावायच्या वेळेपर्यंत ती उतरवून घेत होती. संदर्भग्रंथ घरी देत नाही, त्यामुळे आजच्या देवघेवीत तिच्या नावावर काहीच नाही. आमचे सर्वांत मोलाचे काम असे कागदावर येतच नाही.

9 ऑगस्ट
नवी वही घातली. रकाने: वाचकाने काय विचारले, काय दिले, किती वेळ लागला, मिळाले की नाही. सहायक म्हणाले, “सर, ‘मिळाले नाही’ हे नॅकच्या समितीला दाखवायचं?” दाखवायचंच. उणीव लपवून दर्जा सिद्ध होत नसतो.

12 ऑगस्ट
ग्रंथपाल दिन. डॉ. रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार, ग्रंथप्रदर्शन, भाषणे. 1931 साली त्यांनी मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले चौथे मी मुलांना सांगितले: वाचकाचा वेळ वाचवा. वेळेचा रकाना त्यासाठीच ठेवलाय.

14 ऑगस्ट
वहीने लगेच एक गोष्ट दाखवली. वनस्पतिशास्त्राची मुले झाडांची मराठी नावे पुन्हा पुन्हा विचारतात आणि शेवटचा रकाना ‘मिळाले नाही’नेच भरतो. ग्रंथालय समितीच्या सभेत ही पाने प्राचार्यांपुढे ठेवली. त्यांनी शांतपणे वाचली आणि खरेदीच्या यादीत हा विषय वर घेतला. हजेरीचे आकडे इतकी वर्षे देतोय, त्यांवरून एकही पुस्तक असे आले नव्हते.

महाविद्यालयांतल्या ग्रंथपाल मित्रांनो, नॅकची वाट न पाहता ही वही घाला. खर्च एका वहीचा आहे.