काल काय झालं मालिकेत?

परदेशी मुलामुलींकडे निघालेल्या ज्येष्ठांच्या शंका साधारण ठरलेल्या असतात. सहा महिन्यांची औषधे एकदम नेता येतील का, विमानात पायांना सूज आली तर काय करावे, तिकडच्या थंडीत गुडघे कसे सांभाळावेत. सगळे लिहून झाले की त्यांतले एखादे आजोबा किंवा आजी जरा संकोचाने म्हणतात, "तिथे आपले सगळे चॅनेल दिसतात म्हणे. वेळ जाईल." या वाक्याला कोणी वैद्यकीय माहिती मानत नाही. पण सर्वसामान्य वैद्यकीय व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर मला वाटते की रक्तदाब आणि साखरेच्या आकड्यांइतकेच ते वाक्यही महत्त्वाचे आहे. परदेशातील ज्येष्ठांचा दिवस कसा जातो, हे बहुतेक वेळा त्या पडद्यापाशीच कळते.

आज सत्तरी ओलांडलेल्या पिढीचे दूरदर्शनशी असलेले नाते समजून घ्यावे लागेल. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा ही माणसे तरुण होती. चाळीत किंवा वाड्यात एखाद्याच घरी संच असे आणि शेजारची दहा घरे त्याच्यासमोर बसत. 'चिमणराव', 'गजरा' यांसारखे कार्यक्रम या पिढीने एकट्याने पाहिलेच नाहीत. ते दाटीवाटीने, सतरंजीवर बसून पाहिले. १९८७ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले, तेव्हाही घराघरांत तीच गर्दी होती. पुढे खासगी वाहिन्या आल्या, प्रत्येक घरात संच आला, तरी आदल्या रात्रीच्या भागाची उजळणी दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीपाशी, देवळाच्या पायरीवर, बागेतल्या बाकावर होतच राहिली. थोडक्यात, या पिढीसाठी मालिका अर्धी पडद्यावर घडते आणि उरलेली अर्धी माणसांत.

परदेशात पडदा मिळतो. माणसांतला अर्धा भाग मात्र सहसा मिळत नाही. एके काळी तेथील मराठी कुटुंबे भारतीय किराणा दुकानांतून मालिकांच्या व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणत आणि त्या घरोघरी फिरत. नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. आता मोबाइलवर आणि टीव्हीवर ॲप आहे. भारतात प्रसारित झालेला भाग काही वेळातच अमेरिकेत पाहता येतो. सोय वाढली, तसे हे पाहणे अधिकाधिक एकट्याचे होत गेले.

त्यात घड्याळाचाही मोठा हात आहे. भारतात संध्याकाळी साडेसातला सुरू होणारी मालिका उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळी दहाला दिसते आणि हिवाळ्यात नऊला. त्या वेळी मुलगा-सून कामावर आणि नातवंडे शाळेत असतात. इथे जो वेळ घराने एकत्र बसण्याचा, तोच तिथे घर रिकामे असण्याचा. ऑस्ट्रेलियात याच्या उलट होते. सिडनीत साडेसातची मालिका ऋतूनुसार मध्यरात्री बाराला किंवा एकला लागते आणि ती ताजी पाहण्याच्या हौसेने आजी-आजोबा जागत बसतात. भारतात सकाळी साडेनऊला सुरू होणारा कसोटी सामना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री अकराला सुरू होतो. शरीर एका देशात आणि दिनक्रम दुसऱ्या देशात, अशी ही स्थिती असते.

तिचे शारीरिक परिणाम सरळ आहेत. रात्री डोळ्यांवर पडणारा प्रकाश मेलाटोनिन या झोपेला अनुकूल असलेल्या संप्रेरकाचे स्रवण कमी करतो. झोप लांबते, सकाळ उशिरा उजाडते, न्याहारी चुकते आणि तिच्याबरोबर घ्यायची गोळीही चुकते. मधुमेह असणाऱ्यांच्या बाबतीत हे विशेष काळजीचे आहे. दुसरी गोष्ट बसून राहण्याची. वाहिनीवर जाहिराती लागल्या की माणूस पाणी प्यायला, कुकर बंद करायला उठत असे. ॲपवर अनेकदा जाहिराती नसतात आणि एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होतो. तीन तास खुर्चीतून न उठणाऱ्याच्या पायांवर सूज येते, गुडघे आखडतात आणि उठताना तोल जाण्याची भीती वाढते.

म्हणून टीव्ही बंद करा, असे मी कधीही सांगत नाही. परक्या देशात, जेथे रस्त्यावर पायी चालणारा माणूस दिसत नाही, गाडी चालवता येत नाही आणि शेजाऱ्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलता येत नाही, तेथे मातृभाषेतील आवाज हाच मोठा आधार असतो. सण-वार, पंचांग, ऋतू यांचे भान त्यातून टिकते. आषाढी एकादशीला पंढरपुरातील शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमारास होते. तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. दशमीच्या संध्याकाळी, सूर्य मावळण्याआधी, एकादशीची पूजा पाहून हात जोडणाऱ्या आजी मला माहीत आहेत. त्यांच्या दृष्टीने वारी चुकलेली नसते.

बातम्यांचे मात्र वेगळे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगलीचे एक गृहस्थ मुलीकडे परदेशात होते. परतल्यावर ते मला म्हणाले, "इथे असतो तर निदान सामान माळ्यावर टाकलं असतं. तिथे नुसतं बघत होतो." आयर्विन पुलाखालच्या पाण्याची तीच ती दृश्ये दिवसभर पडद्यावर फिरत होती आणि प्रत्येक वेळी त्यांना पाणी नव्याने चढल्यासारखे वाटत होते. त्यांची झोप गेली, रक्तदाब चढला. गावात असलेला माणूस संकटात काही ना काही करतो आणि करण्याने भीती थोडी कमी होते. दूरवरून पाहणाऱ्याला तो मार्ग नसतो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, हेच हजारो घरांत घडले. अशा वेळी दिवसातून दोनदा, ठरावीक वेळी बातम्या पाहाव्यात आणि खरी हकीकत गावातील एखाद्या विश्वासू माणसाला फोन करून विचारावी.

आता माझ्या घरातील गोष्ट सांगते. वडील गेल्यानंतर माझ्या आईने आयुष्याची शेवटची सात वर्षे न्यू जर्सीत धाकट्या भावाकडे काढली. मी रात्री साडेनऊला दवाखाना बंद करून घरी येत असे, तेव्हा तिच्याकडे दुपारचे बारा वाजत. तिची मालिका नुकतीच संपलेली असे आणि मी फोन केला की ती आधी त्या भागाची हकीकत सांगे. मला मालिकेत गोडी नव्हती, पण हळूहळू लक्षात आले की मालिकेच्या आडून ती पुष्कळ काही बोलते आहे. "ती सून उलट बोलत नाही गं, पण ऐकूनही घेत नाही," असे ती म्हणे, तेव्हा त्या वाक्याची एक टोचणी तिच्या स्वतःच्या घरापर्यंत जात असे. "त्या म्हातारीला कोणी विचारतच नाही काय हवंय ते," हे वाक्य पडद्यावरच्या म्हातारीसाठी होते आणि नव्हतेही. मुलाच्या घरात राहून मुलाबद्दल तक्रार करणे तिच्या स्वभावात नव्हते. मालिकेतील पात्रांनी तिची ती अडचण सोडवली होती.

पाचव्या वर्षीच्या हिवाळ्यात हे निवेदन आखडत गेले. भाऊ सांगे, "आई मजेत आहे. दिवसभर मालिका बघते." त्याचे म्हणणे खोटे नव्हते, सकाळी निघताना आणि संध्याकाळी परतताना त्याला आई टीव्हीसमोरच दिसे. मी मात्र एके रात्री विचारले, "काल काय झालं मालिकेत?" ती थोडी थांबली आणि म्हणाली, "काय की. चालू असते आपली. घरात आवाज असतो तेवढाच." नुकतेच लागलेले लग्न, घरातील भांडण, कशाचाच तिला पत्ता नव्हता. तिचे जेवणही कमी झाले होते आणि पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नव्हता. मी भावाशी बोलले. त्याने लगेच तिला तेथील डॉक्टरांकडे नेले. निदान नैराश्याचे झाले आणि कानही बरेच मंदावलेले निघाले. औषध सुरू झाले, श्रवणयंत्र आले, आठवड्यातून तीन दिवस ती ज्येष्ठांच्या केंद्रात जाऊ लागली. तेथे तिला दोन गुजराती मैत्रिणी मिळाल्या. साताऱ्याच्या मावशीने तीच मालिका पाहायची आणि एक दिवसाआड फोन करायचा, असेही ठरले. उन्हाळा आला तोपर्यंत आई पुन्हा त्या सुनेवर चिडू लागली होती. ते ऐकून मला जे बरे वाटले, ते कोणत्याही तपासणीच्या अहवालाने वाटले नसते.

तेव्हापासून मी परदेशी पालक असलेल्या मुलांना सांगते, की आई-बाबा टीव्ही किती तास पाहतात हे मोजण्यापेक्षा, काल काय झाले ते त्यांना विचारा. ही रोगनिदानाची चाचणी नव्हे. बोलण्याचे दार उघडण्याची युक्ती आहे. पण उत्तरातून बरेच कळते. रंगवून, हातवारे करून सांगितले, तर मन त्यात आहे असे समजावे. "ते बोलतात, पण शब्द कळत नाहीत," असे उत्तर आले, तर कान तपासावेत. वाढत्या वयात आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात. मग आवाज पोहोचतो, पण शब्द उमगत नाहीत, आणि मालिकांतील पार्श्वसंगीत त्यात भरच घालते. रोज पाहिलेलेही आठवत नसेल, पात्रांची नावे आणि नाती गोंधळत असतील, तर स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी. आणि "काय की, चालू असते," अशा उत्तराबरोबर भूक, झोप, नातवंडांतील रस हेही कमी झाले असेल, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, तर डॉक्टरांना भेटण्यात दिरंगाई नको.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. या आजारात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि माणूस मातृभाषेकडे परततो. परदेशात चाळीस वर्षे नोकरी केलेले गृहस्थही इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर देऊ लागतात. त्यांना ओळखीची भक्तिगीते, जुनी नाट्यपदे, जुने कार्यक्रम पुष्कळ शांत करतात. परंतु आजार वाढल्यावर पडद्यावरील माणसे खरोखर घरात आली आहेत असेही वाटू शकते. त्यांना चहा विचारला जातो, किंवा मालिकेतील भांडणाने भीती वाटते. अशा वेळी वाद घालू नये. संच बंद करावा, हात हातात घ्यावा, साधे गाणे लावावे.

बाकी पथ्ये सोपी आहेत. झोप, जेवण आणि औषधे यांच्या वेळा राहत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे ठेवाव्यात. मालिका ॲपवर थांबते, ती दिवसा पाहावी. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी आणि प्रत्येक भागानंतर उठून घरात पाच मिनिटे फिरावे. जेवण पडद्यासमोर नको. जाहिरातीत पाहिलेले तेल किंवा साखर उतरवणारे चूर्ण कोणाकरवी मागवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मुला-सुनांनी आठवड्यातून एक भाग तरी शेजारी बसून पाहावा. नातवाला कळले नाही तर आजीने समजावून सांगावे, म्हणजे त्याचे मराठीही वाढते आणि आजीचे बोलणेही.

आणि भारतात राहणाऱ्या बहिणी, मैत्रिणी, भाचे यांनी फोनची एक वेळ ठरवून घ्यावी. अमेरिकेतील घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे. आपली जागची हलत नाहीत. त्या दोन रविवारी वेळ नव्याने जुळवावी, म्हणजे मालिका संपवून फोनची वाट पाहत बसलेल्या माणसाला उगाच तासभर ताटकळावे लागणार नाही.